सणासुदीचे दिवस आणि मूल न होण्याचं दुःख: दोघांनी मिळून करायची तयारी

घरात सणाची तयारी सुरू झाली, की मूल होत नसलेल्या जोडप्याच्या मनात आणखी एक तयारी सुरू होते. कोण कोण येणार, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं बाळ आता रांगायला लागलं असेल, मागच्या वेळी ज्यांनी विचारलं होतं ते यंदा काय विचारतील. ही तयारी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या होते, एकेकट्याने होते आणि प्रत्यक्ष दिवशी तिचा काडीचाही उपयोग होत नाही. त्याऐवजी दोघांनी शांतपणे बसून, जमल्यास कागदावर लिहून करायच्या तयारीबद्दल इथे सांगतो आहे.

सगळ्याचं सार एवढंच की काय झेपेल, कुठे जायचं, किती वेळ थांबायचं आणि कुणी काय उत्तर द्यायचं, हे निर्णय मन थाऱ्यावर असताना घ्यावेत. भरल्या घरात, सगळ्यांच्या नजरा वळलेल्या असताना ते घेता येत नाहीत. तिथे माणूस एकतर गिळून टाकतो किंवा फुटतो, आणि घरी आल्यावर दोन्हींचा त्रास होतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी: तुम्ही हळवे आहात म्हणून हे जड जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगभरातल्या प्रौढांपैकी सुमारे 17.5 टक्के, म्हणजे साधारण सहांतल्या एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. अ‍ॅलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा स्त्रियांमधली चिंता आणि नैराश्य कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांइतकंच असल्याचं दिसलं होतं. फरक असा, की कर्करोग झालेल्या माणसाला भर पंक्तीत कुणी "अजून बरा कसा झाला नाहीस?" असं विचारत नाही. समाज ज्याला दुःख म्हणून मोजतच नाही अशा दुःखाबद्दल केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने बरंच लिहिलं आहे. मूल न होण्याचं दुःख त्यातच मोडतं. माणूस गेलेला नसतो, त्यामुळे कुणी भेटायला येत नाही, आणि सण तर ठरल्या तारखेला येतोच.

महिनाभर आधी: दोघांचं बोलणं

सुरुवात नातेवाइकांपासून करू नका, एकमेकांपासून करा. पुष्कळदा तिला वाटतं की त्याला काहीच वाटत नाही, आणि त्याला वाटतं की आपण खचलो तर तिला कोण सावरणार. दोघंही एकाच छताखाली गप्प राहतात. मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण, एकटं किंवा स्त्रीच्या कारणासोबत, आढळतं. तरीही प्रश्न तिलाच विचारले जातात आणि धीर देणारेही तिलाच देतात. त्याची विचारपूस कुणी करत नाही. म्हणून एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून दोघांनीही या प्रश्नांची उत्तरं द्या: या सणात मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? कुठल्या माणसाला भेटायला बरं वाटेल? मी कोलमडतोय किंवा कोलमडतेय हे तुला कसं कळेल, आणि तेव्हा तू काय करावंस?

दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. तिला लहान मुलांमध्ये रमावंसं वाटेल आणि त्याला तेच बघवणार नाही, किंवा याच्या उलटही असेल. कुणाचं बरोबर हे ठरवत बसू नका.

मग दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, कुणाला किती सांगायचं. एकाने आईला सगळं सांगितलंय आणि दुसऱ्याला वाटतंय की कुणालाच माहीत नाही, यातून सणाच्या दिवशी हमखास भांडण होतं. तपासणीचे रिपोर्ट, दोष कुणाकडे, आयव्हीएफ (स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करण्याचा उपचार) सुरू आहे की नाही, यातलं काय बाहेर जाऊ शकतं आणि काय नाही, हे स्पष्ट बोलून घ्या. ज्याच्या शरीराबद्दलची माहिती असेल, त्याचा शब्द अखेरचा.

दुसरी, ज्याचे नातेवाईक त्याने उत्तर द्यायचं. सासूबाईंना, नणंदेला, चुलतसासऱ्यांना सुनेने उत्तर देत बसू नये, ते काम मुलाचं आहे. तिच्या माहेरच्यांना ती सांभाळेल. हा एक नियम पाळला तरी निम्मा ताण कमी होतो, असं माझं ठाम मत आहे. आपल्या आईला "हा विषय तिच्यापाशी काढू नकोस, काय विचारायचं ते मला विचार" असं सणाआधी फोनवर सांगून ठेवणं नवऱ्याच्या हातात असतं. त्यासाठी भांडावं लागत नाही, आवाज चढवावा लागत नाही.

उपचार सुरू असतील तर आधी क्लिनिकचं कॅलेंडर

या भागाकडे दुर्लक्ष होतं आणि ऐन वेळी धावपळ उडते. सणाच्या सुट्ट्यांमध्ये काही केंद्रांची लॅब बंद असते, काही ठिकाणी एग पिकअप (स्त्रीबीजं काढणं) आणि ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) ठरावीक तारखांनाच घेतात. म्हणून महिनाभर आधीच विचारून घ्या: सुट्टीत सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होईल का? रात्री-अपरात्री त्रास झाला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा? आमचे डॉक्टर नसतील तर कोण असेल? नंबर दोघांच्याही फोनमध्ये हवा.

मग मोठा प्रश्न येतो, या महिन्यात सायकल, म्हणजे उपचारांची एक फेरी, करायची की पुढे ढकलायची. सरसकट एकच उत्तर नाही. वय जास्त असेल, स्त्रीबीजांचा साठा कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही पुढे ढकलू नका. पण भ्रूण गोठवून ठेवलेले असतील तर महिना-दोन महिने थांबल्याने त्यांचं काही बिघडत नाही. अशा वेळी निकालाची तारीख सणाच्या आदल्या दिवशी येईल असं वेळापत्रक मुद्दाम कशाला ओढवून घ्यायचं? ट्रान्सफरनंतर साधारण 10 ते 14 दिवसांनी बीटा रिपोर्ट (गर्भधारणा झाली का हे सांगणारी रक्ततपासणी) होतो. कॅलेंडरवर तेवढे दिवस मोजा आणि ती तारीख कुठे पडते ते बघा. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना तो फोन घ्यायची तुमची तयारी आहे का, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. काहींना वाट बघत बसण्यापेक्षा काहीतरी चालू असलेलं बरं वाटतं. तेही योग्यच आहे.

सायकल सुरू असताना प्रवास किंवा कार्यक्रम असेल तर एवढं सांभाळा:

- काही इंजेक्शनं 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, काही ठरावीक दिवस खोलीच्या तापमानात चालतात. आपलं कोणतं आहे ते खोक्यावर वाचा, फार्मसीत विचारा. बर्फाच्या पिशवीला औषध थेट चिकटू देऊ नका, गोठलं तर ते वाया जातं.
- विमानात औषधं हातातल्या सामानात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा.
- ट्रिगर इंजेक्शन (स्त्रीबीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) एग पिकअपच्या साधारण 34 ते 36 तास आधी, सांगितलेल्या मिनिटाला घ्यायचं असतं. ही वेळ बहुतेकदा रात्री येते, म्हणजे नेमकी कार्यक्रमाच्या ऐन रंगात. दोघांच्याही फोनवर गजर लावा, बंद होणारी खोली आधी बघून ठेवा किंवा त्या संध्याकाळी सरळ घरीच थांबा.
- बीजांडं वाढवणाऱ्या इंजेक्शनांनंतर पोट झपाट्याने फुगणं, वजन भराभर वाढणं, उलट्या, लघवी कमी होणं, धाप लागणं, यातलं काही झालं तर पाहुणे जाण्याची वाट न बघता लगेच डॉक्टरांना फोन करा.

ट्रान्सफरनंतर अंथरुणाला खिळून राहिल्याने यशाची शक्यता वाढत नाही. त्यामुळे थोडं हिंडल्या-फिरल्याचं, हसल्या-बोलल्याचं अपराधीपण नको. पण "मला थकवा आलाय, मी कामाला हात लावणार नाही" असं म्हणायला डॉक्टरांचा कागद लागतो असंही नाही. पुरुषांसाठी एक गोष्ट: शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. सणात वाढलेली दारू आणि सिगारेट पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या रिपोर्टवर परिणाम करू शकते. दोघांनीही त्यापासून लांब राहणं उत्तम.

आमंत्रणांची छाननी

सगळीकडे जायलाच हवं असं नाही, आणि सगळंच टाळायला हवं असंही नाही. यादी लिहा आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक खूण करा: जायचं, थोडा वेळ जायचं, जायचं नाही. मधला पर्याय लोक विसरतात. जेवणाच्या वेळेला पोचायचं आणि जेवून निघायचं, किंवा सगळे जमायच्या आधी तासभर घरच्यांना भेटून यायचं. गर्दीत उखाळ्यापाखाळ्या काढणारी माणसं एकेकटी भेटली की पुष्कळदा चांगली वागतात.

जिथे मुलं आणि गरोदरपण हाच विषय असणार, म्हणजे बाळाच्या स्वागताचा कार्यक्रम किंवा पहिला वाढदिवस, तिथे न जाण्याची पूर्ण मुभा स्वतःला द्या. भेटवस्तू पाठवा, नंतर एखाद्या शांत दिवशी भेटा. नकार कळवताना मोठी कारणं रचू नका. एक खोटं सांभाळायला चार सांगावी लागतात. "त्या दिवशी आम्हाला जमणार नाही, पण तुमच्यासाठी खूप आनंद झालाय, नंतर नक्की येतो" एवढं पुरतं.

सण तुमच्याच घरी असेल तर? मग काम वाटून द्या आणि संपण्याची वेळ आमंत्रणातच सांगा. यजमानाला एक फायदा असतो: उठून आत जायला निमित्त लागत नाही.

प्रश्न येणारच, मग उत्तरं तयार ठेवा

समोरचा दुष्टपणेच विचारतो असं नाही. बऱ्याच जणांना दुसरा विषयच सुचत नाही. पण हेतू चांगला असला म्हणून उत्तर देण्याची बांधिलकी तुमच्यावर येत नाही. उत्तर लहान असावं, आणि त्याच्या शेपटीला दुसरा विषय जोडलेला असावा. उत्तर दिल्यावर गप्प बसलात तर ती शांतता भरायला पुढचा प्रश्न येतो.

"काय मग, गुड न्यूज कधी?" याला: "असेल तेव्हा सांगूच की. बरं, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं?" सौम्य, नात्यात कटुता न आणणारं.

तरी पुन्हा विचारलं, तर: "मामी, हा विषय आमच्यासाठी नाजूक आहे. आज नको." आवाज साधा ठेवा. बहुतेक माणसं इथे थांबतात.

तिसऱ्यांदा विचारणाऱ्यासाठी: "मी एकदा सांगितलंय, यावर बोलायचं नाही." आणि तिथून उठा. हा उद्धटपणा नव्हे.

"किती दिवस प्लॅनिंग करणार? वय थांबत नाही." यावर बाजू मांडायचा मोह होतो, तपासण्या-तारखा सांगाव्याशा वाटतात. सांगू नका. सांगितलं की चर्चा सुरू होते, आणि तुमचं शरीर सगळ्यांच्या चर्चेचा विषय होतं. "आम्हाला कल्पना आहे, काका" इथेच पूर्णविराम.

"आमच्या ओळखीत एक डॉक्टर आहेत, एक औषध आहे": "मला मेसेज करून ठेवा, बघतो." म्हणजे तो विषय फोनमध्ये जातो. बघायचा की नाही ते नंतर ठरेल. मात्र उपचार सुरू असताना असली औषधं डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

"दत्तक घ्या की, मग आपोआप होतं": दत्तक घेणं हा स्वतंत्र आणि मोठा निर्णय आहे. तो गर्भधारणेची युक्ती नाही, आणि त्याने गर्भधारणा होते याला आधारही नाही. "त्याबद्दल आम्ही आमच्या वेळेला विचार करू" म्हणा.

"तुम्हाला एक आहे ना, मग कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?" हे दुसऱ्या मुलासाठी झगडणाऱ्यांना ऐकावं लागतं. हातात एक बाळ आहे म्हणून दुसऱ्याची ओढ खोटी ठरत नाही. "आहे, आणि त्याबद्दल आनंदच आहे" एवढं म्हणून थांबा, आणि मुलासमोर ही चर्चा होऊ देऊ नका.

आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "टेन्शन घेऊ नकोस, रिलॅक्स झालीस की आपोआप होईल." हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण त्याचा अर्थ होतो की होत नाही याला तूच जबाबदार आहेस. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जॅकी बॉइव्हिन आणि सहकाऱ्यांनी 14 अभ्यास, 3,583 स्त्रिया यांची माहिती एकत्र करून पाहिली. उपचारांआधीचा मानसिक ताण आणि त्या सायकलमध्ये गर्भधारणा होणं किंवा न होणं यांचा संबंध त्यांना आढळला नाही. तेव्हा सणात रडू आलं, राग आला, झोप उडाली, म्हणून सायकल वाया गेली असं स्वतःला कधीही म्हणू नका. ताण कमी करायचा तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

ही वाक्यं आधी मोठ्याने म्हणून बघा, एकमेकांसमोर. वाचताना सोपी वाटतात, तोंडातून निघताना घसा दाटतो. घरी चार-पाच वेळा म्हटली की दाटणं कमी होतं.

प्रत्यक्ष दिवशी

निघण्याआधी परतायची वेळ ठरवा आणि शक्य असेल तर स्वतःच्या वाहनाने जा, दुसऱ्याच्या गाडीत अडकू नका. दोघांमध्ये एक खुणेचं वाक्य ठेवा. "गॅस बंद केला होता का?" असं तिने विचारलं, की त्याने दहा मिनिटांत निघायची तयारी करायची. का, कशासाठी, अजून थोडं थांबू, हे काही बोलायचं नाही. चर्चा घरी.

हाताला काम असेल तर बरं पडतं: वाढायला घ्या, फोटो काढा, आजोबांशेजारी बसा. म्हातारी माणसं बहुधा स्वतःच्या आठवणी सांगण्यात रमतात. मुलांशी खेळावंसं वाटलं तर मनसोक्त खेळा. कुणी "बघा, किती लळा आहे, आता स्वतःचं हवं" म्हणेल, त्याकडे दुर्लक्ष करा. कुणी न विचारता बाळ हातात दिलं आणि नको वाटलं, तर "माझे हात ओले आहेत" म्हणायला हरकत नाही.

सगळ्यांसमोर कुणाची गोड बातमी जाहीर झाली तर? अभिनंदन करा, एकदाच, मनापासून जेवढं जमेल तेवढं. मग पाणी प्यायला आत जा. थंड पाण्याने तोंड धुवा, श्वास सावकाश सोडा. तिच्याबद्दल आनंद आणि स्वतःसाठी दुःख ही दोन्ही एकाच वेळी मनात असू शकतात. त्यावरून स्वतःला मत्सरी ठरवू नका. जवळच्या बहिणीची किंवा मैत्रिणीची बातमी येण्याची शक्यता दिसत असेल, तर तिला आधीच सांगून ठेवा: "काही असेल तर मला मेसेजवर कळव, म्हणजे मला थोडा वेळ मिळेल." बहुतेक जणी हे आनंदाने करतात. त्यांनाही कसं सांगावं ते कळत नसतं.

नेमकी त्याच दिवशी पाळी आली तर

येते, आणि त्यावर इलाज नाही. म्हणून याचीही तयारी ठेवा. कार्यक्रम रद्द करायचा का, हे ठरवायचा हक्क जिला त्रास होतोय तिचा, आणि कळवायचं काम दुसऱ्याचं. ट्रान्सफर झाली असेल तर रक्तस्राव दिसला म्हणून स्वतःच्या मनाने औषधं बंद करू नका, आधी क्लिनिकला विचारा. तसंच, ट्रान्सफरनंतर दिल्या जाणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे छाती दुखणं, पोट फुगणं, थकवा येणं ही गरोदरपणासारखीच लक्षणं दिसतात. त्यावरून कुठल्याच बाजूचा निष्कर्ष काढू नका. घरी टेस्ट करायची घाईही नको. ट्रिगर इंजेक्शनमध्ये एचसीजी (टेस्ट ज्यावरून गर्भधारणा ओळखते ते संप्रेरक) असेल तर 10 ते 14 दिवसांपर्यंत खोटी दुसरी रेघ दिसू शकते, आणि ती नंतर पुसली जाण्याचं दुःख वेगळंच असतं.

गर्भधारणा झाल्याचं कळलेलं असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असण्याची शक्यता असते. सण असो, रात्र असो, थेट हॉस्पिटल गाठा.

फोनबद्दल थोडक्यात: सणाच्या आठवड्यात कुटुंबाचे ग्रुप म्यूट करा, बाळांच्या फोटोंनी भरलेली खाती काही दिवस लपवा. कुणाला कळतही नाही.

दोघांचं काहीतरी

सण म्हणजे मुलाबाळांनी भरलेलं घर, असं चित्र इतकं ठसलेलं असतं की दोघांचं घर आपल्यालाच अर्धवट वाटू लागतं. पण दोघं मिळून एक कुटुंब झालंच आहे. त्या दिवसातले काही तास फक्त तुमचे ठेवा: आवडीचा पदार्थ, लांबचा फेरफटका, दिवसभर एकही फोन न घेणं, काहीही. गर्भपात झालेला असेल, तर त्या बाळाची आठवण काढायला हाच दिवस हवा असंही काहींना वाटतं. एक दिवा लावा, चार ओळी लिहा. लोकांना पटतंय का हे बघू नका.

सण संपल्यावर बसून बोला: काय झेपलं, काय नाही झेपलं, कुठे पुढच्या वेळी जायचं नाही. दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, भूक मेली असेल, कशातच मन रमत नसेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. पुष्कळ आयव्हीएफ केंद्रांमध्ये समुपदेशक असतात, न विचारल्याने कळत नाही इतकंच. जगू नये असं मनात येत असेल तर वाट बघू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीच्या मदतीच्या नंबरवर फोन करा.

घरच्यांसाठी

हा लेख एखाद्या सासूने, आईने किंवा भावाने वाचला तर बरं होईल, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. आमंत्रण जरूर द्या, न बोलावणं त्याहून जास्त लागतं. सोबत एवढंच म्हणा: "यायला जमलं तर आनंद आहे, नाही जमलं तरी राग नाही." उपचारांची चौकशी करू नका, त्यांनी काढला तर विषय ऐका, सल्ला देऊ नका. दुसऱ्या कुणी टोचून विचारलं तर त्यांना उत्तर द्यायला न लावता तुम्हीच विषय बदला. आणि घरात कुणाला दिवस गेले असतील तर ती बातमी त्यांना आधी, एकट्याने, मेसेजवर कळवा, म्हणजे सगळ्यांसमोर चेहरा सांभाळण्याची वेळ त्यांच्यावर येणार नाही.